उरलेले दहा

फुटबॉलच्या खऱ्या सामन्यात चेंडू एका खेळाडूच्या पायाशी नव्वद मिनिटांत सगळी मिळून दोन-तीन मिनिटंच असतो. उरलेला वेळ तो चेंडूशिवाय खेळतो. जागा धरतो, जागा सोडतो, बचावपटूला आपल्यामागे ओढून दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो, पास मिळेल म्हणून धावतो आणि बहुतेक वेळा न मिळताच माघारी येतो. प्रशिक्षक ज्याला खेळाची समज म्हणतात, ती या सहसा न दिसणाऱ्या धावाधावीत असते. व्हिडिओ गेममध्ये हे सगळं उलटं होतं. पास गेला की आपल्या ताब्याची खूण एका खेळाडूच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर उडी मारते, त्यामुळे आपण सदैव चेंडूपाशी. पास आपला, ड्रिबल आपलं, गोल आपला. चेंडूशिवायचं फुटबॉल, म्हणजे फुटबॉलचा बराच मोठा भाग, आपण यंत्राकडे सोपवून मोकळे होतो.

हे पुस्तक यंत्राच्या ताब्यातल्या त्या दहा भिडूंविषयी आहे. गेममधला एआय म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समोरचा संघ येतो, आणि तो किती अवघड, किती लबाड यावर गप्पा रंगतात. आपल्याच रंगाचा शर्ट घातलेल्या यंत्राची आठवण होते ती शिव्या देताना. तो का थांबला, हा का धावला नाही, दोघं एकाच चेंडूवर का गेले, कुणीच का गेलं नाही. गंमत अशी की दोन्ही संघांच्या हालचालींमागचे नियम बहुतांशी सारखेच असतात. तरी समोरचे हुशार वाटतात आणि आपले मठ्ठ. याचं कारण साधं आहे, आणि या पुस्तकाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. समोरच्या संघात पास देणारा आणि पाससाठी धावणारा या दोघांचे निर्णय एकाच ठिकाणी होतात. आपल्या संघात पास देणारा मात्र सोफ्यावर बसलेला असतो. तो काय करणार हे धावणाऱ्याला समजायचं कशावरून? स्टिक कुठे वळली आणि बटण कोणतं, किती वेळ दाबलं, एवढ्यावरून. आणि बटण दाबलं जाईपर्यंत धाव सुरू करायला उशीर झालेला असतो. म्हणजे खेळणाऱ्याच्या मनात अजून नीट आलेलाही नाही अशा बेतावर भिडूने पाऊल उचलायचं असतं.

हार्मोनियमची साथ करणाऱ्याची हीच अवस्था असते. गवई पुढच्या क्षणी कुठे वळणार हे त्याला ठाऊक नसतं, पुढे धावायची मुभा नसते आणि मागे रेंगाळून चालत नाही. दाद मिळते ती गवयाला. सूर चुकला की माना वळतात त्या पेटीकडे.

सुरुवातीच्या गेममध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण भिडूंना वेगळं अस्तित्वच नव्हतं. १९८०च्या सुमारास अटारीच्या कन्सोलवर फुटबॉलचा जो गेम आला आणि पुढे पेलेच्या नावाने विकला गेला, त्यात गोलरक्षक सोडून एका बाजूला तीनच खेळाडू होते. ते त्रिकोण करून एकत्रच सरकत. एक वर गेला की दुसरे दोघे वर. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. तिघं मिळून एकच खेळाडू होता. १९८९ साली डिनो डिनी यांचा ‘किक ऑफ’ आला. त्यात चेंडू पायाला चिकटून राहत नसे, धावताना तो सुटून पुढे जाई. चेंडू ताब्यात ठेवणंच इतकं जिकिरीचं होतं की भिडू काय करताहेत ते पाहायला उसंत नसे.

खरी उकल झाली ती ‘सेन्सिबल सॉकर’च्या घराण्यात. १९९२चा हा ब्रिटिश गेम वरून पाहायचा, मुंगीएवढ्या खेळाडूंचा. त्याच्या पुढच्या, १९९४च्या ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’ या अवतारात डावपेच स्वतः आखण्याची सोय होती. मैदानाचे चौकोन पाडलेले. चेंडू अमुक चौकोनात असेल तर आपला प्रत्येक खेळाडू कुठे उभा असेल, हे एकेका चौकोनासाठी आपणच मांडायचं. खेळणाऱ्याला तो डावपेचांचा तक्ता वाटे. प्रत्यक्षात निर्मात्यांनी यंत्राच्या भिडूचा मेंदूच उघडून समोर ठेवला होता. चेंडू कुठे आहे त्यावरून माझी जागा कोणती, याहून जास्त काही त्या मेंदूत नव्हतं, आणि तेवढ्यावर सामना छान चालत होता. त्यानंतर तीस वर्षांत त्यावर कितीही मजले चढले असले तरी पाया हाच आहे. लीगमधला मोठ्यात मोठा क्लब आणि त्याचा हुबेहूब चेहऱ्याचा मिडफिल्डर घ्या. चेंडू डावीकडे गेला की तो किती पावलं डावीकडे सरकणार, हे अशाच एखाद्या तक्त्याशी जाऊन भिडतं.

तक्त्याच्या वर काय लागतं हे समजून घ्यायचं असेल तर मॅट बकलंड यांच्या २००५च्या ‘प्रोग्रामिंग गेम एआय बाय एक्झाम्पल’ या पुस्तकातलं फुटबॉलचं प्रकरण आजही उत्तम. प्रत्येक बाजूला चार खेळाडू आणि एक गोलरक्षक, एवढाच तो खेळ. मैदानाचे अठरा भाग, प्रत्येकाला एक घरचा भाग. चेंडूमागे कोणी जायचं? सर्वांत आधी जो पोचेल त्याने. इतरांनी मोह आवरायचा. सगळेच धावले तर सामना नव्हे, गर्दी होते. मग चेंडू आपल्याकडे आल्यावर एका भिडूला मदतीची जागा शोधायची असते. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानावर ठिपक्यांची जाळी टाकलेली असते आणि प्रत्येक ठिपक्याला गुण दिले जातात. इथपर्यंत पास सुखरूप येईल का, इथून गोलवर फटका मारता येईल का, चेंडूपासून हे अंतर सोयीचं आहे का. ज्या ठिपक्याला जास्त गुण, तिकडे भिडू चालू लागतो. पुढचा क्षण आला की गुण बदलतात, ठिपका बदलतो, भिडू वळतो. पडद्यावर आपल्याला जे ‘जागा काढणं’ दिसतं ते आतून असं सतत चाललेलं परीक्षेचं निकालपत्र असतं. आणि भिडू कधीकधी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे असा घुटमळतो, तेव्हा त्याला काही सुचत नसतं असं नाही. दोन ठिपक्यांचे गुण जवळजवळ सारखे असतात.

इथवर गणित आहे. पुढे मानसशास्त्र सुरू होतं, आणि ते यंत्राचं नसून आपलं असतं.

पासचंच घ्या. आपण स्टिक ढोबळमानाने एका दिशेला ढकलतो. त्या दिशेच्या आसपास तीन भिडू आहेत. आपल्या मनातला कोणता? पास ‘असिस्टेड’ ठेवला असेल तर गेम कोन आणि बटणाचा दाब बघून एकाची निवड करतो आणि चेंडू त्याच्याकडे वळवून देतो. निवड बरोबर आली तर आपण स्वतःवर खूश होतो. चुकली तर मशीन गाढव. ‘मॅन्युअल’ पास निवडला तर दोष कुणाला देता येत नाही, म्हणूनच तो वापरणारे थोडे. बचावातही तेच. ताब्याची खूण कोणत्या खेळाडूवर उडी मारणार हे ठरवणं ही भिडूंच्या एआयमधली सर्वांत बदनाम बाब आहे, कारण आपण ज्याला धरून धावत होतो तो सुटतो आणि हातात भलताच येतो, तोही नेमका उलट दिशेला तोंड करून. कोनामीच्या ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’मध्ये यावर ‘सुपर कॅन्सल’ नावाचा उतारा होता. चेंडूकडे आपोआप ओढला जाणारा खेळाडू दोन बटणं एकत्र दाबून सोडवायचा आणि हवा तिकडे न्यायचा. मुरलेला खेळाडू आणि नवखा यांच्यातला फरक बघायचा तर या दोन बटणांवर बोटं जातात का ते बघावं.

फिफा मालिकेत एल-वन दाबलं की भिडू पुढे धावतो. ही सोय इतकी जुनी आणि अंगवळणी पडलेली आहे की ती कबुलीजबाब आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. भिडू आपलं मन ओळखू शकत नाही, म्हणून मनातलं सांगायला बटण दिलं. फिफा २१ने हाच धागा आणखी ताणला. भिडूने कोणत्या दिशेला धावायचं ते स्टिकने दाखवता येऊ लागलं, आणि ‘प्लेअर लॉक’ने चेंडू यंत्राच्या हवाली करून आपण स्वतः बिनचेंडूची धाव काढू शकलो. ही दुसरी सोय फार थोड्यांनी अंगी बाणवली. माझ्या मते ती या मालिकेतली सर्वांत धाडसी कल्पना आहे, कारण तिने काम उलटं वाटून दिलं. दिमाखदार भाग यंत्राला, राबणारा आपल्याला.

धावेची वेळ हा वेगळाच जाच. ऑफसाइड ठरतं ते पास पायातून सुटण्याच्या क्षणी. यंत्राला तो क्षण ठाऊक नसतो. तो आपल्या अंगठ्यात असतो. जुन्या गेममध्ये भिडू सरळ रेषेत सुसाट धावे, आपण पास द्यायला अर्धा क्षण घुटमळलो की ऑफसाइड. फिफा १३मध्ये धावा वळवायला, रेषेपाशी रेंगाळायला भिडूंना शिकवलं गेलं. म्हणजे भिडू जास्त हुशार झाला तो आपल्या दिरंगाईला सांभाळून घेण्यात. हा मुद्दा तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आला आहे आणि तो मला इतर सगळ्यांहून महत्त्वाचा वाटतो.

भिडू अजून हुशार का करत नाहीत, असं विचारलं जातं. करता येतो. करून बघितलाही आहे, आणि लोकांना तो आवडला नाही. फिफा १२पर्यंत बचाव म्हणजे एक बटण दाबून धरणं. खेळाडू आपोआप चेंडूवाल्यावर तुटून पडे. त्या वर्षी ‘टॅक्टिकल डिफेंडिंग’ आलं आणि अंतर राखणं, योग्य क्षणी पाय घालणं माणसाच्या गळ्यात पडलं. कुरकुर खूप झाली. पण आर-वन दाबून दुसऱ्या भिडूला अंगावर सोडायची पळवाट शिल्लक होतीच, आणि स्पर्धांमध्ये चित्र असं दिसू लागलं की माणूस मधल्या फळीतल्या एखाद्याला घेऊन मागे-पुढे फिरतो आणि खरा बचाव यंत्राचे बचावपटू करतात. जिंकणारा जिंकत होता, पण त्याने नेमकं काय केलं हे सांगणं कठीण होतं. फिफा २०मध्ये मालिकेची निर्माती कंपनी ईएने जाहीरपणे उलटा रस्ता धरला. यंत्राच्या बचावाची धार कमी, स्वतः पाय घालणाऱ्याला बक्षीस. भिडूला मुद्दाम थोडं कमी केलं गेलं, ते माणसाला श्रेय मिळावं म्हणून.

या विषयात मला जे म्हणायचं आहे ते हेच. गेममधला भिडू हा सर्वोत्तम खेळाडू असून चालत नाही. त्याला आपल्यापेक्षा जरासं मागे राहावं लागतं, आणि तरीही आपण हरलो तर त्याच्यामुळे हरलो असं वाटण्याइतकं मागे राहून चालत नाही. या दोन रेघांमधली पट्टी फार अरुंद आहे. ‘सामना आधीच लिहिलेला असतो’, ‘पुढे गेलो की आपले पाय जड होतात’ या समजुती जगभर आहेत. ईएने २०२१ साली स्पष्ट सांगितलं की फिफाच्या ऑनलाइन सामन्यांमध्ये अवघडपणा गुपचूप वरखाली करणारी यंत्रणा वापरलेली नाही. समजूत त्याने हटली नाही. दहा जणांचं वागणं आपल्या हाती नसतं तेव्हा माणूस त्यामागे हेतू शोधणारच.

दहांच्या ऐवजी एक व्हायचं ठरवलं तर? २००७ साली आलेल्या फिफा ०८मध्ये ‘बी अ प्रो’ नावाचा प्रकार आला. खूण उड्या मारत नाही. तुम्ही एकच खेळाडू, शेवटपर्यंत. इथे तक्रारीची दिशा फिरते. आता भिडू आपल्याला पास देत नाहीत. मग पास मागायचं बटण, आणि ते दाबलं की मूर्खपणाच्या जागीही पास येतो, कारण माणसाला नाही म्हणायची यंत्राला परवानगी नाही. जागा सोडली की गुण कमी होतात, म्हणून पहिल्या काही सामन्यांत लोक चेंडूपासून दूर उभे राहून कंटाळतात. खरं फुटबॉल त्यांना इथे पहिल्यांदा भेटतं, आणि बहुतेकांना ते आवडत नाही. पुढे ‘क्लब्ज’मध्ये अनेक माणसं एका संघात आली, फिफा ११पासून गोलरक्षकासह अकराच्या अकरा. तिथे रिकाम्या जागा यंत्र भरतं. मित्रमंडळींचे सामने पाहिले तर चारपैकी तिघांना स्ट्रायकर व्हायचं असतं आणि डावा फुलबॅक यंत्र असतो. सामनाभर आपली जागा धरून राहिलेला तो एकटाच.

संशोधकांनी हाच प्रश्न श्रेयाच्या भानगडीत न पडता सोडवायला घेतला. रोबोंच्या फुटबॉलची रोबोकप ही स्पर्धा पहिल्यांदा १९९७ साली जपानमध्ये नागोयाला झाली. तिच्या सिम्युलेशन लीगमध्ये अकरा खेळाडू म्हणजे अकरा वेगळे प्रोग्राम. प्रत्येकाला आपल्या नजरेच्या टप्प्यातलंच दिसतं, तेही अंधूक. बोलता येतं ते तुटपुंजं. आणि सेकंदाला दहा निर्णय घ्यायचे. इथे कुणाचा मेंदू कुणाला उसना मिळत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे पीटर स्टोन आणि मॅन्युएला व्हेलोसो यांच्या संघाने १९९८ आणि १९९९ साली ही लीग जिंकली. त्यांची एक कल्पना ‘लॉकर-रूम अ‍ॅग्रीमेंट’ म्हणून ओळखली जाते. सामन्यात बोलायला वाव नाही, तर काय घडलं की कोण कुठे जाणार हे आधीच ठरवून उतरायचं. २०००चा विजेता एफसी पोर्तुगाल. चेंडूची जागा आणि सामन्याची परिस्थिती यांवरून प्रत्येकाने आपली जागा काढायची, ही त्यांची पद्धत. ‘सेन्सिबल’चा तक्ता प्रयोगशाळेत पोचला, असं मी गमतीने म्हणतो, दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं पाहिलं होतं असा माझा दावा नाही.

२०१९मध्ये गूगलने संशोधनासाठी खुलं केलेलं फुटबॉलचं मैदान आणखी बोलकं आहे. २०२०मध्ये मँचेस्टर सिटी क्लबच्या साथीने कॅगल या संकेतस्थळावर त्याची स्पर्धा झाली. स्पर्धकाच्या प्रोग्रामने एका वेळी एकच खेळाडू हलवायचा, बाकीचे मैदानासोबत आलेल्या साध्या एआयच्या हाती. म्हणजे सोफ्यावरच्या माणसाच्या जागी यंत्र बसवलं, आणि त्याच्या वाट्यालाही तेच दहा भिडू आले. टेन्सेंटचा ‘वीकिक’ जिंकला. भिडूंच्या सवयी जाणून घेऊन त्यांच्याकडून काम काढून घेणं हा अशा विजयाचा मोठा भाग असतो. माणूस मात्र भिडूंनी आपल्याला ओळखावं म्हणून बसून राहतो.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक नोंद. फिफा २२मध्ये इंडियन सुपर लीग आली, आणि मुंबई सिटी व एफसी गोवा यांचे खेळाडू अशा आकड्यांमध्ये उतरले जे त्यांनी मैदानात कधी पाहिले नसतील: हल्ल्यात जागा घेण्याची जाण किती, प्रतिक्रिया किती जलद, हल्ला आणि बचाव यांतला कष्टाळूपणा ‘हाय’, ‘मीडियम’ की ‘लो’. हा शेवटचा आकडा नसलेला आकडा भिडूच्या वागण्यात सर्वांत ठळक दिसायचा. हल्ल्यात ‘हाय’ असलेला सेंटरबॅक घेतला की तो कॉर्नर संपल्यावरही परतायला वेळ लावणार. याच मालिकेतल्या २०२४च्या एफसी २५ने ही पाटी काढून त्या जागी भूमिका आणल्या: कोणता मिडफिल्डर मागे थांबेल, कोणता फुलबॅक आत सरकेल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढलेल्यांना यातलं नवं काही वाटणार नाही. कोण परत येतो आणि कोण कमरेवर हात ठेवून उभा राहतो, हे ते प्रेक्षकांतून ओळखतात.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडंसं. कोणता गेम श्रेष्ठ, या वादाला इथे जागा दिलेली नाही, जरी प्लेस्टेशन २वरच्या ‘प्रो इव्होल्यूशन’च्या भिडूंबद्दलचा माझा पक्षपात वाचकाला लपून राहणार नाही. ‘फुटबॉल मॅनेजर’सारखे गेम वगळले आहेत, कारण तिथे अकराही यंत्राचे असतात आणि आपण फक्त सूचना देतो, तो वेगळा विषय आहे. प्रोग्रामिंग येत नसलं तरी अडणार नाही. सूत्रं परिशिष्टात ठेवली आहेत.

सुरुवात गोलरक्षकापासून केली आहे. दहांतला तोच एक असा की ज्याला आपण जवळजवळ कधीच हातात घेत नाही, आणि ज्याची चूक सरळ गोलफलकावर जाते. १९९३च्या पहिल्या फिफात तो चेंडू मारायला निघाला की त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं, चेंडू अंगावर आदळून गोलात जायचा. ज्यांना फक्त धावा आणि पास यांत रस आहे, त्यांनी पहिली दोन प्रकरणं सोडून थेट तिसरं उघडावं.